साउथम्प्टन ते न्यूयॉर्क जहाजाने: आईबाबांसाठी पारंपरिक थाटाचा समुद्रप्रवास निवडताना काय बघावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बाबा तासगावच्या शाळेतून भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. पुढच्या वर्षी त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतील, आई सत्तरीची आहे. आता दोघं सांगलीत आमच्याजवळ राहतात. धाकटी बहीण न्यूजर्सीत असते, तिच्याकडे दोघं जाणारच आहेत आणि अमेरिकेचा व्हिसा दोघांकडे आहे. आम्ही बहिणींनी ठरवलंय की या खेपेला त्यांना एक मोठा, निवांत, थाटाचा समुद्रप्रवास घडवायचा. बाबांनी आयुष्यभर फळ्यावर अटलांटिकचे प्रवाह काढले, पण समुद्र पाहिला तो रत्नागिरी-गणपतीपुळ्याचा.

इथल्या एका टूरवाल्याकडे चौकशी केली. त्यांनी पाच-सहा हजार माणसांच्या नव्या जहाजाचं माहितीपत्रक हातात ठेवलं. त्यात घसरगुंड्या, वॉटरपार्क, रात्रभर गाणीबजावणी. आमच्या घरच्यांना यातलं काहीच नको. बसून नीट वाढलेलं जेवण, वाचनालय, डेकवरची खुर्ची आणि समोर समुद्र, एवढंच हवंय. दुसरा पर्याय भूमध्य समुद्रातला, रोज नवं बंदर. तिसरा बहिणीने सुचवला: कुनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी २’ने इंग्लंडहून थेट न्यूयॉर्क, सात रात्री. म्हणजे तिच्याकडे जाणंच जहाजाने.

अडचणी अशा: आईचे गुडघे दुखतात, ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही, आणि तिला बोटीची भीती वाटते. ज्यांनी असा प्रवास केलाय किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया लिहा.

खणभाग

कल्पना सुंदर आहे, पण सात दिवस नुसतं पाणी? वाटेत एकही बंदर नाही. एवढा खर्च करायचा तर रोम, बार्सिलोना, ग्रीसची बेटं बघून होतील असं बघा. माझ्या सासूसासऱ्यांना भूमध्य समुद्राची सहल फार आवडली. रोज सकाळी नवं गाव, रात्री आपल्याच खोलीत झोप, बॅगा उचलायच्या नाहीत.

दर्यावर्दी

मी वाईचा. सगळी नोकरी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये झाली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट ठरवा. तुमच्या आईवडिलांना बंदरं बघायची आहेत की समुद्र? बाकीचे सगळे प्रश्न याच्या मागून येतात. खणभाग यांनी सांगितलेली सहल चांगलीच असते, पण तिच्यात जहाज हे रात्री झोपायचं ठिकाण. सकाळी आठला उतरायचं, बसमध्ये बसायचं, दगडी चढउतार करायचे, पाचच्या आत परत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोजची अशी धावपळ जड जाते. काही ठिकाणी तर मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही, बाहेर नांगर टाकून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकताना तरण्यांचीही तारांबळ उडते. अटलांटिकच्या प्रवासात यातलं काहीच नाही. साउथम्प्टनला चढायचं, न्यूयॉर्कला उतरायचं.

आता जहाजाविषयी. सुट्टीसाठी फिरणारं क्रूझ जहाज वेगळं आणि ओशन लायनर वेगळं. लायनर बांधतात ते ठरावीक वेळापत्रकाने, बऱ्यावाईट हवेत महासागर ओलांडण्यासाठी. आज नियमित सेवेत असलेलं एकमेव लायनर म्हणजे क्वीन मेरी २. स्टीफन पेन यांनी तिचा आराखडा केला, फ्रान्समध्ये सां-नाझेरच्या गोदीत ती बांधली आणि जानेवारी २००४मध्ये ती पहिल्या सफरीला निघाली. लांबी ३४५ मीटर, पाण्याखालचा भाग सुमारे १० मीटर खोल, वेगाची क्षमता ३० नॉट, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर. सात रात्रींच्या प्रवासाला एवढा वेग लागत नाही. तो हाताशी ठेवलेला असतो, म्हणजे वादळाला वळसा घालूनही वेळ गाठता येते. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब आणि निमुळती आहे, तळाचे पत्रे जाड आहेत. जीवनरक्षक बोटीसुद्धा इतर जहाजांपेक्षा बऱ्याच उंचावर टांगल्या आहेत, अटलांटिकच्या लाटांपासून दूर राहाव्यात म्हणून.

गर्दीचा अंदाज घ्यायची एक युक्ती सांगतो, कोणत्याही जहाजाला लावून बघा. जहाजाचं ग्रॉस टनेज घ्या आणि त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. ग्रॉस टनेज हे वजन नसतं, आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. क्वीन मेरी २ सुमारे १,४९,००० आणि प्रवासी २,७००च्या आसपास, म्हणजे भागाकार ५५ येतो. २०२४मध्ये आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,००० आणि खोलीत दोघं धरली तर प्रवासी ५,६००, म्हणजे ४४. पोरंबाळं धरून त्यावर याहून बरीच जास्त माणसं जातात. ‘रीजंट सेव्हन सीज’सारख्या छोट्या महागड्या जहाजांवर हा आकडा सत्तरीच्या पुढे जातो. जाहिरातीतल्या फोटोत गर्दी दिसत नाही, या आकड्यात दिसते.

मिरजेची_सतार

आम्ही दोघं याच जहाजाने गेलोय, इंग्लंडहून अमेरिकेकडे. त्यामुळे अगदी मनापासून लिहिते: पाठवा.

सात दिवस कंटाळा येईल ही भीती मलाही होती. प्रत्यक्षात दिवस पुरत नाही. सकाळी सातव्या डेकवर चालायला जायचं. सागवानी फळ्यांचा हा मार्ग जहाजाला पूर्ण वळसा घालतो, एक फेरी साधारण सहाशे मीटरची. लाकडी आरामखुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात, अंगावर घ्यायला पांघरूण मिळतं. त्या खुर्चीत बसून नुसतं पाण्याकडे बघत माझे यजमान दोन-दोन तास काढायचे. हजारो पुस्तकांचं वाचनालय आहे, त्याच्या खिडक्यांतूनही समुद्र दिसतो. रोज व्याख्यानं असतात: खगोल, इतिहास, नौकानयन. तारांगणही आहे. तुमच्या वडिलांना ते सोडवणार नाही.

दुपारी बाराला कप्तान स्वतः ध्वनिक्षेपकावरून सांगतो, आपण अमुक अक्षांश-रेखांशावर आहोत, खाली पाणी इतकं खोल आहे, वारा असा आहे. भूगोल शिकवलेल्या माणसाला रोजची ही घोषणा म्हणजे पर्वणी. सोबत अटलांटिकचा एक मोठा नकाशा द्या, रोजची जागा टिपून ठेवतील.

एक गंमत: जहाजावर कुत्र्यामांजरांना ठेवायची सोय आहे आणि कुत्र्यांच्या अंगणात एक इंग्रजी दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन पद्धतीचा आगीचा नळ उभा केलाय, म्हणजे दोन्ही देशांच्या कुत्र्यांची सोय झाली!

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दिशा. इंग्लंडहून अमेरिकेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. दिवस पंचवीस तासांचा होतो, रोज एक तास जास्त झोप. न्यूयॉर्कला पोचल्यावर झोपेचा घोळ राहत नाही. मुलीकडे गेल्यावर आठवडाभर रात्री टक्क जागं राहणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. उलट्या दिशेने येताना तास जातात, म्हणून परत येताना विमान बरं.

हरिपूर_संगम

माझं मूळ गाव रत्नागिरीकडचं, आता कैक वर्षं सांगलीत आहे. लहानपणी मुंबईहून कोकणात बोटीने गेलोय. पावसाळ्यात बोटी बंद असत. आमच्या घरात ‘रामदास’चं नाव निघालं की मोठी माणसं गप्प होत. १७ जुलै १९४७ला ती बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. तुमच्या आईच्या मनातली भीती कुठून आली असेल याचा अंदाज येतो. तिला ‘काही होत नाही’ म्हणून उडवून लावू नका. नीट समजावून सांगा.

दर्यावर्दी

काका, अगदी बरोबर. मग समजावूनच सांगतो.

रामदास ही ऐन पावसाळ्यात भरगच्च माणसं घेऊन निघालेली किनारी वाहतुकीची लहान बोट होती. महासागरी जहाजाचं तळाशी जलरोधक कप्प्यांमध्ये विभाजन केलेलं असतं. एका कप्प्यात पाणी शिरलं तर दारं बंद करून ते तिथेच अडवतात. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४मध्ये ‘सोलास’ हा समुद्रातल्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यात आजवर भर पडत आली आहे. जानेवारी २०१२मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षेचा सराव झालेला नव्हता. त्यानंतर नियम बदलला, आता सराव निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावाच लागतो. आईला सांगा, पहिल्या दिवशी जिथे जमायचं ते ठिकाण स्वतःच्या पायांनी जाऊन बघून यायचं. जिना किती, रेलिंग कुठे, सगळं. आपलं दार आपल्याला माहीत आहे म्हटलं की निम्मी भीती जाते.

बोट लागण्याची भीती वेगळी. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवीकडची डोलणी कमी करतात. पुढे-मागे होणारी हालचाल त्यांनी थांबत नाही, तिथे जहाजाची लांबी उपयोगी पडते. एसटीत लागणारी ॲव्होमिन सगळ्यांना माहीत असते, पण या वयात ती आपल्या मनाने घेऊ नये. काचबिंदू, प्रोस्टेट, आधीची औषधं असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सोबत आलेपाक असू द्या.

अजिंक्यतारा

मी थोडं वेगळं मत मांडतो. कुनार्डचा थाट मोठा आहे हे मान्य, १८४०पासूनची कंपनी आहे. पण तिथे खोलीच्या दर्जानुसार जेवणाची दालनं वेगळी आहेत. साध्या आणि बाल्कनीच्या खोल्यांना ब्रिटानिया, महागड्या स्वीटना, म्हणजे ऐसपैस खोल्यांना, प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिल. मला स्वतःला हे पटत नाही. एकाच जहाजावर माणसांची अशी वाटणी कशाला? शिवाय समारंभाच्या रात्री सूटबूट.

निवांतपणाच हवा असेल तर व्हायकिंग कंपनीची समुद्री जहाजं बघा. हजाराच्या आत प्रवासी, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, कॅसिनो नाही. ओशियानिया कंपनीच्या जहाजांवर जेवण उत्तम आणि सूटबुटाची सक्ती नाही. हॉलंड अमेरिका १८७३ची जुनी कंपनी, मध्यम आकाराची जहाजं, भाडंही आवाक्यात. नॉर्वेचे फियोर्ड (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्या) किंवा अलास्का केलं तर बाबांना हिमनद्या दिसतील. अलास्काच्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, तिथला परवाना कोणत्या सफरीला आहे ते बघून तिकीट काढायचं.

मिरजेची_सतार

अजिंक्यतारा, दालनांच्या वाटणीबद्दल तुमचा आक्षेप मला कळतो. पण ब्रिटानिया दालनात बसून कमी लेखल्यासारखं आम्हाला कधी वाटलं नाही. दोन मजली उंच दालन, शुभ्र टेबलक्लॉथ, आणि पूर्ण प्रवासभर तेच टेबल, तोच वाढपी. दुसऱ्या दिवसापासून त्याला आमचं सगळं ठाऊक झालं. माझ्या ताटात अंडं नको हे मला परत सांगावं लागलं नाही.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. सात रात्रींत साधारण दोन रात्री समारंभाच्या असतात. राष्ट्रीय पोशाख चालतो. मी पैठणी नेसले, यांनी काळा बंदगळा घातला. एक इंग्रज आजी माझ्या पदरावरचे मोर बघायला मुद्दाम टेबलापाशी आल्या आणि हातमागावर हे कसं विणतात ते विचारत बसल्या. बाकीच्या संध्याकाळी स्वच्छ पँट-शर्ट आणि कोट पुरतो. आणि ज्याला नटायचंच नाही त्याच्यासाठी बुफेचं दालन उघडं असतं.

आकडेमोड

खर्चाच्या बाजूने चार शब्द. भाड्यात काय धरलंय आणि काय नाही, हे लेखी घ्या. कुनार्डसारख्या ठिकाणी खोली, मुख्य जेवण, चहा आणि बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. वाइन, इंटरनेट, मालिश वेगळं. शिवाय दर माणशी दर दिवसाची बक्षिसी आपोआप खात्यावर चढते, ती बघून हबकू नये. रीजंटसारख्या कंपन्या पेय, बक्षिसी, किनाऱ्यावरच्या सहलीसुद्धा भाड्यात धरतात, त्यामुळे त्यांचा आकडा आधी डोळ्यांत भरतो. दोन्हींची तुलना करताना शेवटची बेरीज करून बघा.

भारतातल्या एजंटकडून परदेश सहलीचं पॅकेज घेतलं की टीसीएस (एजंटने आगाऊ घ्यायचा आयकर) कापतात. दर अधूनमधून बदलतात, पैसे भरायच्या दिवशीचा दर विचारा. तो कर बुडत नाही, विवरणपत्र भरताना वजा होतो किंवा परत मिळतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. म्हणून पैसे बहिणींपैकी कोण भरणार आणि बिल कोणाच्या नावाने होणार ते आधी ठरवा.

विमा आजारांसकट घ्या, बीपी-शुगर लपवू नका. जहाजावर डॉक्टर आणि दवाखाना असतो, पण त्याचं बिल जबर असतं आणि मधल्या दिवसांत किनारा दूर असतो. आजारी माणसाला हलवण्याचा खर्च विम्यात स्पष्ट लिहिलेला हवा.

मोबाइल जहाजावर चढताच फ्लाइट मोडवर. समुद्रात फोन उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला गेला तर रोमिंगचं बिल भलतंच येतं.

कृष्णाकाठची

तुम्हा सर्वांचे किती आभार मानू! काल रात्री सगळे प्रतिसाद आईबाबांना वाचून दाखवले. पंचवीस तासांच्या दिवसाचं ऐकून बाबा उठून ॲटलास घेऊन आले. आईला म्हणाले, “न्यूफाउंडलंडच्या जवळून जाणार आपण. गल्फ स्ट्रीमचं गरम पाणी आणि लॅब्राडोरचं थंड पाणी तिथे भेटतं, म्हणून तिथे धुकं. मी हे दरवर्षी शिकवलंय.” आई बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “जमायचं ठिकाण आधी बघता येतं ना?” दर्यावर्दी, तुमचं ते वाक्य तिच्या मनात बसलंय.

आता खोली कुठली घ्यावी? आणि महिना?

दर्यावर्दी

बाबांना सांगा, धुकं लागलं की जहाजाचा भोंगा ठरावीक अंतराने वाजत राहतो. क्वीन मेरी २च्या भोंग्यांपैकी एक जुन्या ‘क्वीन मेरी’वरचा आहे, दहा मैलांवर ऐकू जातो म्हणतात. आईला मात्र आधीच कल्पना देऊन ठेवा, नाहीतर रात्री दचकेल.

महिना जुलै-ऑगस्ट. समुद्र त्यातल्या त्यात शांत. जून-जुलैमध्ये धुकं जास्त. सप्टेंबरपासून चक्रीवादळांचे उरलेसुरले अवशेष वर सरकतात, हिवाळ्यात तर अटलांटिक खवळलेलाच.

खोली जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितकी खालच्या डेकवर. तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. लिफ्टपासून फार लांब नको, या जहाजाचे बोळ संपता संपत नाहीत. बाल्कनीत दोन प्रकार आहेत, नीट ऐका. खालच्या डेकवरच्या बाल्कन्या जहाजाच्या अंगातच कोरून काढल्यासारख्या आहेत, समोर पोलादी कठडा. वारा लागत नाही, पण खुर्चीत बसलं की समुद्र दिसत नाही, उभं राहावं लागतं. वरच्या डेकवर काचेचा कठडा असतो, पण आठव्या डेकवरच्या बऱ्याच खोल्यांसमोर जीवनरक्षक बोटी येतात. स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका, नकाशात खोलीचा क्रमांक शोधून बघा. माझ्या एका मित्राला एजंटने ‘समुद्र दिसणारी’ म्हणून दिलेल्या खोलीतून नारिंगी बोटीचं पोटच दिसलं. ‘गॅरंटी’ भाड्यात खोली कंपनी निवडते, तुमच्या बाबतीत ते टाळा. बाल्कनी परवडत नसेल तर मध्यावरची मोठ्या खिडकीची खोली घ्या, आणि दिवस सातव्या डेकवर काढा. मी तरी तेच केलं असतं.

न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंचीही विचारा. गुडघ्यांना तो रोजचा त्रास.

रानमेवा

आईंचे उपवास असतात का? माझ्या मावशीने वेगळ्या जहाजावर गुरुवार पाळले. दूध, फळं, उकडलेला बटाटा सांगितला की मिळतो. शाकाहार, अंडं नाही, जैन जेवण, जे काही असेल ते तिकीट काढतानाच लेखी कळवायचं आणि चढल्यावर मुख्य वाढप्याला एकदा भेटायचं. घरचा भडंग, मेतकूट, लोणचं बंद पाकिटात न्या. फक्त इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. कपडे धुवायचं आणि इस्त्रीचं यंत्र तिथेच आहे. अमेरिकेत उतरताना ताजी फळं जवळ ठेवायची नाहीत, आणि खायच्या वस्तू आहेत हे कस्टमला खरं सांगायचं.

कृष्णाकाठची

ठरलं! जुलैअखेरची सफर, मधल्या भागातली मोठ्या खिडकीची खोली. भूमध्य समुद्र आणि व्हायकिंग दोन्ही मी मनापासून तपासले, अजिंक्यतारा. पण ते सगळे पर्याय आम्हाला मुद्दाम करायला लागले असते. हा रस्ता बहिणीच्या दारात जातो, आणि बाबांना समुद्रच बघायचाय. बंदरांची त्यांना हौस नाही.

ब्रिटनचा व्हिसा लागणार आहे, त्यासाठी पुण्याला ठसे द्यायला नेते. लंडनला दोन दिवस आधी पोचतील, म्हणजे विमान उशिरा झालं तरी जहाज चुकणार नाही. मिरजेहून मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेस, तिथवर मी सोबत. चढताना व्हीलचेअरची मदत मागून ठेवली आहे. एकच राहिलंय: रात्रीच्या जेवणाची पहिली पंगत घ्यावी की दुसरी?

मिरजेची_सतार

पहिली, सहाच्या सुमाराची. दुसरी साडेआठला बसते आणि दहापर्यंत चालते, तोवर सांगलीच्या माणसाला झोप येते. आणि शेवटच्या रात्री पहाटे चारचा गजर लावायला सांगा. व्हेराझानो पुलाखालून जहाज जातं तेव्हा धुराडं पुलाला घासेल की काय असं वाटतं. मुळात त्या पुलाखालून जाता यावं म्हणूनच धुराड्याची उंची बेताची ठेवली आहे. त्यानंतर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, आणि मग ब्रुकलिनचा धक्का. पहाटे डेकवर वारा झोंबतो, आईंना स्वेटर आणि कानटोपी हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवाव्या लागतात.